भुरी बावीचं आवतण

आये,

दादाची धाकटी लग्नाची झाली आणि तिने धवले मागितले, तिथून हे सगळं सुरू झालं. तू गेलीस तेव्हा ती जन्मलीही नव्हती. धवले म्हणजे हळदीच्या आधी बायका म्हणतात ती गाणी, एवढंच तिला ठाऊक. पूर्वी आपल्यात भटजी नसायचा, धवलारीणच मांडवात बसून लग्न लावायची आणि तिची आजी आख्ख्या गावाची धवलारीण होती, हे मी सांगितलं तर म्हणते, "आयला, आजी एवढी भारी होती? मग आत्या, तूच बोल ना. मी ग्रुपवर टाकून देते, फायनल." दादाने तोवर पनवेलकडच्या एका बाईशी बोलणं केलं होतं. ती स्वतःचा माइक आणते, मागून ओळ झेलायला, म्हणजे परत म्हणायला, बायका आणते आणि म्हणे कुठल्याही गावचे धवले बोलते. कुठल्याही गावचे म्हणजे काय रे, असं मी विचारलं, तर तुझा लेक म्हणाला, "अगं, गावाचा नाव बदलायचा नि बोलायचा. कोन चेक कराला येतंय?" माझं डोकंच फिरलं. त्या तिरीमिरीत मी म्हणून बसले की बाहेरची बाई नको, मी बोलेन. शब्द तोंडातून गेल्यावर कळलं की आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतलाय.

गाणी मला येतात. बँकेत इतकी वर्षं नोटा हाताळल्या, बदल्या झाल्या, गुडघे गेले, पण चाली गेल्या नाहीत. अडचण होती ती आवतणाची. सगळ्या देवांना बोलावून झालं की तू सुपातले तांदूळ चिमटीत घेऊन गावच्या एकेका ठिकाणाला लग्नाचं बोलावणं करायचीस. आधी गावदेवी, मग वेशीवरचा म्हसोबा, मग उघाडी, मग मिठागराचा बांध, आंबेमाळ, भुरी बाव, आणि सगळ्यांत शेवटी खाडी. प्रत्येक नावानंतर तू गप्प व्हायचीस. मागच्या बायकाही गप्प. मला वाटायचं, तू दम खातेस. एका लग्नात तुझ्याशेजारी बसून मी शहाणपणा केला, तुझं नाव घेऊन संपायच्या आत पुढचं म्हणून टाकलं, तर तू सगळ्यांदेखत माझ्या हातावर फटका मारलास. "थांब गो. नुसता नाव नको घेऊ. जाऊन ये तिकडं, मंग पुढचा बोल." त्या दिवशी मला कळलं की तू डोळे मिटून खरंच तिथवर जायचीस, बोलावणं करायचीस आणि परत यायचीस. ज्याला बोलवायचं त्याच्या दारात गेलं पाहिजे, घरात बसून हाका मारल्या तर माणूससुद्धा येत नाही, मग उघाडी कशी येईल, असा तुझा हिशेब होता. मला तो तेव्हाही पटला होता आणि आजही पटतो. म्हणून माझी पंचाईत. नावं पाठ आहेत, पण डोळे मिटले की मी जाणार कुठे?

तर मी चालत जायचं ठरवलं. सध्या आम्ही खोपटला भाड्याने राहतो. घोडबंदर रोडची आमची सोसायटी पाडली, नवी उभी राहीपर्यंत बिल्डर भाडं देतो. सकाळी हे पेपर वाचत असतात तेव्हा मी निघते, कोपरला उतरते आणि आपल्या गावात नुसती फिरते. पहिल्या दिवशी गावदेवीला गेले. ती आहे. तिला आता संगमरवर आहे, ग्रिल आहे, वर लाल अक्षरं पळणारा बोर्ड आहे, आणि समोर जिथे होळी लागायची तिथे पे अँड पार्क. देवी तीच आहे, पण तिच्याकडे बघताना माझं लक्ष सारखं गाड्यांच्या हॉर्नकडे. डोळे मिटले तर तिचा जुना शेंदूर आणि कौलांतून पडणारं ऊनच दिसलं. चला, एक तरी जमलं, म्हणून मी वेशीकडे गेले.

वेशीवर टॉवर आहे. आपलं भात पिकायचं ती सगळी जमीन त्याच्या पायाखाली गेली, हे तुला माहीत नाही. तुझ्या वेळी तिथे बाबांनी बांधलेली बैठी चाळ होती, तीही आता नाही. गेटवरच्या वॉचमनने मला थांबवलं. "मॅडम, किसके घर जाना है?" मी म्हटलं, किसीके घर नहीं, म्हसोबा को मिलना है. त्याला यात काहीच नवल वाटलं नाही. "वो पोडियम पे है, क्लबहाउस के बाजू में. फ्लॅट नंबर बोलो, एन्ट्री करनी पडेगी." आये, ज्या बांधावर मी चड्डीवर खेकडे धरले, तिथे माझ्याकडे फ्लॅट नंबर नव्हता म्हणून मी उन्हात उभी. संताप संताप झाला. आणि राग तरी कुणावर काढायचा? जमीन दिली आपणच. बाबांनी चाळ बांधली, दादाने चाळ पाडून बिल्डिंग उठवली, मग ती बिल्डिंग आणि शेजारची जमीन मिळून टॉवर झाला, आणि प्रत्येक वेळी पेढे मीसुद्धा खाल्ले. माझ्या नोकरीच्या गावी बसून मी म्हणायचे, बरं झालं, दादाचं भलं झालं.

तेवढ्यात वर पोडियमवरून हाक आली. "अगं तू? वॉचमन, सोड त्यांना, आपल्याच आहेत." बघते तर कऱ्हाडच्या काकू. चाळीत कोपऱ्याच्या खोलीत राहायच्या त्या. त्यांनी त्या टॉवरमध्ये फ्लॅट घेतलाय, सहाव्या मजल्यावर. आपल्याच शेतात मला एका भाडेकरणीने आत घेतलं, आणि मला ते बोचलं, खोटं कशाला बोलू. पण त्या खूप मायेने भेटल्या. म्हसोबा ग्रॅनाइटच्या चौथऱ्यावर आहे, एका बाजूला मुलांची घसरगुंडी. काकू त्याच्यासमोर हात जोडून म्हणाल्या, "इथली उत्तरेकडची माणसं पण त्याला नारळ फोडतात गं. त्यांना वाटतं, गणपतीच आहे."

काकूंकडे चहा घेताना त्यांनी तुझी आठवण काढली, त्यांना आठवतं तेच मलाही आठवतं. त्या कऱ्हाडातून नव्या आलेल्या, नवरा अंबरनाथच्या कंपनीत. तू ओट्यावर विस्तवात सुके बोंबील भाजत होतीस आणि ही बाई पदर नाकाला लावून दारात आली. "अहो, वास येतोय." तू वर न बघता म्हणालीस, "येनारच. बोंबील हाय, मोगरा नाय." मी आत भाकरी थापत होते, मला हसू आवरेना. संध्याकाळी मात्र तू तिच्या खोलीत गेलीस. रात्री जेवताना बाबांना सांगितलंस की त्या पोरीचे तांदूळ शिजत नाहीत, आपल्या खाऱ्या पाण्यात डाळ तर मुळीच नाही, रडत बसली होती. दुसऱ्या दिवशी पहाटे तू तिला घेऊन रुळांपलीकडे रेल्वेच्या नळावर गेलीस. तेवढाच काय तो गोड्या पाण्याचा नळ, आणि बायका तिथे भांडून भरायच्या. तू भांडलीस, तिचा हंडा आधी लावलास. काकू सांगत होत्या, "तुझी आई मला म्हणाली, इथं यायचं तर पाण्यासाठी रडाची सवय लाव. मी पन रडलेय." मला हे माहीत नव्हतं. तू कधी रडलीस?

चहानंतर काकूही माझ्याबरोबर निघाल्या. उघाडी मिळाली, म्हणजे तिची जागा मिळाली. भरतीचं खारं पाणी शेतात शिरू नये म्हणून बांधाला लावलेलं ते लाकडी दार, ज्याच्या फटीत आम्ही कोलंब्यांसाठी टोपली धरायचो, तिथे आता सिमेंटचा नाला आहे आणि त्यातून शहराचं काळं पाणी खाडीत जातं. दार नाही, पण पाणी ओहोटीला तसंच चुळुक चुळुक वाजतं. तेवढ्यावर मी उघाडी मानली. मिठागरावर भरणी झालीय, त्यावर तिवरांची झुडपं, तिवरांवर प्लॅस्टिक. तरी उन्हात एका ठिकाणी जमीन पांढरी पडलेली दिसली, मी बोट लावून जिभेवर ठेवलं. मीठच होतं. काकू ओरडल्या, "अगं घाण आहे ती!" आंबेमाळावर पालिकेची पाण्याची टाकी आहे. एक आंबा आहे अजून, टाकीच्या कुंपणात, त्याला कैऱ्या होत्या.

पण भुरी बाव कुठेच नाही. बाव म्हणजे विहीर, एवढी मोठी गोष्ट अशी हरवते कशी? दादाला विचारलं तर म्हणाला, "होती ना, टाकीचे खाली बुजवली." टाकीच्या वेळी काम केलेला एक गाववाला म्हणाला, टाकीखाली नव्हतीच, रेल्वेने चौथी लाईन टाकली तेव्हा गेली. गावदेवीच्या पारावर बसणाऱ्या एका आजोबांनी तर छातीला हात लावून सांगितलं की ते तिच्यात पोहायला शिकले, आणि हाताने दाखवली ती दिशा थेट खाडीची. सगळ्यांना ठाऊक, आणि जागा प्रत्येकाची वेगळी. मी चिडून घरी यायचे. ह्यांनी एकदा पेपरवरून मान वर करून विचारलं, "एक नाव गाळलंस तर काय होईल?" काय होईल ते मलाही माहीत नव्हतं. पण तू ते नाव घेताना बाकी सगळ्यांपेक्षा जास्त वेळ गप्प राहायचीस, हे मला आठवत होतं. ते गाळून मी मांडवात बसूच शकले नसते. लग्न जवळ आलं, भाची मेसेज करत होती, "आत्या रेडी ना?", आणि मी पनवेलच्या बाईचा नंबर दादाकडून मागून घेऊन ठेवला.

शेवटी शहाडला गेले, मावशीकडे. तुझी धाकटी बहीण आता मुलाच्या घरी गॅलरीत बसून असते, समोर नदी दिसते, ऐकू कमी येतं. मी तिच्या कानाशी ओरडले, मावशी, आमच्या गावची भुरी बाव कुठे होती? ती माझ्याकडे बघत राहिली आणि मग हसायला लागली ती थांबेचना. सून धावत आली.

"तुमचे गावची? अगं येडे, ती आमचे गावची! आमचे घराचे मांगं होती. तुजे आयशीनं ती हलूच घातली."

मग तिने सांगितलं. खाडीपलीकडून होडीत बसून तू नवरी म्हणून आलीस, तर या गावात पाणी खारट. आंघोळीला खारट, चहाला खारट. माहेरी पहिल्यांदा आलीस तेव्हा त्या बावीवर पालथी पडून गुरासारखं पाणी प्यायलीस. तुझ्या बापाने सांगितलं, आता तोच तुझा गाव, रडायचं नाही. पुढे सासूच्या मागे झेलता झेलता तू धवले शिकलीस, आणि पहिल्यांदा पुढे बसलीस तेव्हा आंबेमाळ आणि खाडीच्या मध्ये ती बाव घालून दिलीस. "मना येऊन सांगतं, मी घातली आनि कोनला कललाच नाय!" मावशी पुन्हा हसली. गावातल्या बायकांनी ते नाव झेललं, पुढच्या लग्नात पुन्हा झेललं, आणि झालं. आज गावातला म्हातारा तिच्यात पोहलेला आहे.

येताना मी हसत होते, आणि कल्याणला गाडी बदलेपर्यंत रडायला लागले, आणि मग तुझा रागही आला. मला का नाही सांगितलंस? मी तुझी मुलगी. माझ्याकडे यायचीस तेव्हा दारातच पाणी मागायचीस आणि घोट तोंडात धरून बसायचीस, मला वाटायचं ही दमलीय. आमच्या पहिल्या घरी, कल्याणला, तू तसाच घोट घेतलास, गिळलास आणि म्हणालीस, "बरा हाय." मी चिडले होते की सगळं घर बघायचं सोडून हिचं पाण्यावरच लक्ष. आणि आता वाटतं, मी इतके दिवस ज्या गावाच्या नावाने गळा काढतेय, ते तुझं तरी कुठे होतं? तूही बाहेरचीच. तूही काकूंसारखीच कुठून तरी येऊन या खाऱ्या पाण्यात तांदूळ शिजवायला शिकलीस. मला वॉचमनने अडवलं म्हणून मी एवढी तापले, आणि तू मात्र त्यांच्या देवांच्या पंगतीत तुझी विहीर बसवून मोकळी झालीस. मावशीला मी विचारलं की ती होती कशी. दगडी, म्हणाली, उतरायला पायऱ्या, कडेला भोकराचं झाड, तिची फळं पाण्यात पडायची. कुणाची तरी भुरी म्हैस तिच्यात पडली होती म्हणून ते नाव. आता तिथे मोठं गोडाऊन आहे, दिवसरात्र ट्रक लागतात.

हळदीच्या आदल्या दिवशी मी स्वतःशी ठरवून टाकलं. तू तुझं घातलंस, तर मीही माझं एक घालणार. भुरी बाव झाली की माझं ठिकाण, मग खाडी. कोण चेक करायला येतंय!

गावदेवीसमोरच्या पार्किंगमध्येच मांडव होता. भाचीने डीजेवाल्याला दटावून गप्प बसवलं, तो बाजूला बसून तंबाखू मळत होता. मागे झेलायला काही गावच्या सुना, कऱ्हाडच्या काकू, आणि खुर्चीवर उचलून आणलेली एक म्हातारी, तुझ्यामागे बसायच्या त्यांतली ती एकटीच उरली आहे. सूप मांडीवर घेतलं. चाल धरली गेली. गावदेवीला जाऊन आले. म्हसोबाला, घसरगुंडीच्या बाजूने. उघाडीला, बांधाला, आंब्याला. भुरी बाव म्हटलं, डोळे मिटले आणि गेले, आये. जी मी कधी पाहिली नाही तिथे सगळ्यांत सहज गेले. पायऱ्या होत्या, भोकरं होती. बायकांनी नाव झेललं.

मग मी चिमटीत तांदूळ घेतले, माझ्या ठिकाणासाठी. डोळे मिटले. कल्याणची खोली आली, पण जिन्याच्या पुढे मला जाताच येईना. मग नोकरीतली क्वार्टर्स, ती तर एकमेकांत मिसळली. घोडबंदरचा फ्लॅट, तिथे सध्या खड्डा आहे आणि भोवती निळे पत्रे. खोपटचं घर भाड्याचं, त्याच्या भिंतीत खिळा ठोकायचीही परवानगी नाही. मी सगळीकडे गेले आणि कुठेच दार उघडेना. एवढं शिकले, एवढी घरं केली, आणि लग्नाचं बोलावणं करायला माझं म्हणून एक ठिकाण मला सापडलं नाही. किती वेळ गेला कळलं नाही. काकूंनी मान वाकडी करून माझ्याकडे पाहिलं. तांदूळ तर खाली टाकायलाच हवेत. मी पुन्हा भुरी बावच म्हटलं. बायकांनी दुसऱ्यांदा झेललं आणि मी खाडीकडे वळले.

तुला वाचता येत नव्हतं, तेव्हा हे पत्र पाठवायचा प्रश्नच नाही. पत्ता असता तरी पुढचं मी तुला कळवलं नसतं. धवले संपल्यावर ती म्हातारी खुर्चीतून माझा हात धरून म्हणाली, "बराबर बोललीस गो. तुजी आय पन भुरी बाव दोनदाच घ्याची." तू एकदाच घ्यायचीस. मला पक्कं माहीत आहे. पण भाची हळदीच्या साडीत तिथेच उभी होती, तिने विचारलं, "आत्या, दोनदा घ्यायचं ना? मी लक्षात ठेवते." मी हो म्हटलं.